ओव्या जागच्या जागी ठेवून थीम बदलली

माझ्या वेबसाइटवर ३४६ ओव्या आहेत. माझी आत्या, तिच्या दोन जावा आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या काही बायका यांनी जात्यावर म्हटलेल्या. २०१५पासून सुट्टीत गावी गेले की मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करते, घरी येऊन उतरवून घेते आणि अर्थासह साइटवर टाकते. मी शाळेत मराठी शिकवते. संगणकाचं शिक्षण नाही. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर, आहे आणि ती उभी करून दिली माझ्या भाच्याने, तो इंजिनिअरिंगला होता तेव्हा. एक फुकटची थीम, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या फायलींचा संच, घेतली आणि मला हवे ते बदल त्याने तिच्याच फायलींमध्ये लिहिले: ओव्यांचा स्वतंत्र विभाग, ओवी दोन ओळींत नीट मांडणारा शॉर्टकोड (लेखात चौकोनी कंसात लिहायची खूण), बाजूच्या पट्टीत रोज बदलणारी 'आजची ओवी'. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं.

२०२३च्या उन्हाळ्यात होस्टिंगवाल्यांची मेल आली. तुमच्या खात्यावर पीएचपी ७.४ (वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं तिची आवृत्ती) आहे, तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२२च्या नोव्हेंबरात थांबल्या आहेत, तेव्हा पुढच्या आवृत्तीवर या. मी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ८ निवडलं, साइट उघडली, तर पांढऱ्या पानावर गंभीर चूक झाल्याचं सांगणारं इंग्रजी वाक्य आणि बाकी काही नाही. परत ७.४ केलं, साइट आली. भाच्याने माझ्याकडून एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद, मागवून घेतला. थीममध्ये विजेट (बाजूच्या पट्टीतला 'आजची ओवी'सारखा चौकोन) नोंदवायला 'क्रिएट फंक्शन' नावाची सोय वापरली होती. पीएचपी ७.२मध्ये ती मोडीत काढायची म्हणून जाहीर झाली आणि ८.०मधून काढूनच टाकली. त्या काळातल्या कितीतरी थीममध्ये ही ओळ सापडते. तेवढी ओळ दुरुस्त करता आली असती, पण थीम बनवणाऱ्याने तिला हात लावून पाच वर्षं झाली होती. आज ही ओळ, उद्या दुसरी. थीमच बदलायची असं ठरलं.

आणि त्याच रात्री, भाच्याला न विचारता, मी एक चांगली दिसणारी नवी थीम घेतली आणि ॲक्टिव्हेटचं बटण दाबलं.

मुखपृष्ठ उघडलं. वर मेनूऐवजी साइटवरची झाडून सगळी पानं अक्षरांच्या क्रमाने ओळीत उभी होती, मी चाचणीसाठी कधीतरी केलेली दोन पानंसुद्धा. बाजूची 'आजची ओवी' नाही. लेख उघडला तर ओवीच्या जागी चौकोनी कंसात शॉर्टकोड तसाच्या तसा छापलेला, अर्थ अवतरणचिन्हांत अडकलेला. ओव्यांच्या पानाची लिंक दाबली तर 'पान सापडलं नाही'. मग डॅशबोर्डमध्ये, म्हणजे साइट चालवायच्या आतल्या पानावर, गेले. डावीकडच्या यादीत पोस्ट्सच्या खाली 'ओव्या' असा शब्द असायचा. तोच नव्हता. इतक्या ओव्यांचा कुठे मागमूस नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या बायकांपैकी दोघी आता हयात नाहीत.

रात्री साडेअकराला भाच्याला फोन लावला.

"मावशी, काही पुसलं गेलेलं नाही. आधी जुनी थीम परत ॲक्टिव्हेट कर."

केली. सगळं होतं तसं आलं: मेनू, पट्टी, ओव्या. जीव भांड्यात पडला. मग त्याने समजावलं ते मी त्याच रात्री वहीत उतरवलं. ओव्या डेटाबेसमध्ये होत्याच. पण 'ओवी' नावाचा एक वेगळा प्रकार या साइटवर आहे, हे वर्डप्रेसला सांगणारा कोड जुन्या थीमच्या 'फंक्शन्स' फायलीत होता. थीम बदलली की ती फाइल वाचलीच जात नाही. सांगणारं कोणी उरलं नाही म्हणून वर्डप्रेसने ओव्या दाखवल्या नाहीत. शॉर्टकोडचंही तेच.

"तू आता एक काम कर," तो म्हणाला. "साइटवरची एकेक गोष्ट घे आणि विचार, ही राहते कुठे?"

पुढचे दोन रविवार मी फक्त हेच केलं, आणि माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग महत्त्वाचा होता. थीम कोणती निवडावी यावर लोक दिवसच्या दिवस घालवतात. आपण जुन्या थीममध्ये काय काय करून ठेवलंय याची यादी मात्र कुणाकडे नसते. माझ्या वहीत तीन रकाने झाले. पहिल्यात ज्यांचा थीमशी संबंध नाही त्या गोष्टी: लेख, पानं, फोटो, ध्वनिफिती, वर्ग, प्रतिक्रिया, साइटचं नाव, ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह. थीम कोणतीही लावा, या जागच्या हलत नाहीत. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी डेटाबेसमध्ये असतात खऱ्या, पण थीमच्या नावाने बांधलेल्या: लोगो, रंग, कोणता मेनू कुठल्या जागी लावायचा, आणि कस्टमायझर या सजावटीच्या पानावरच्या 'ॲडिशनल सीएसएस'च्या चौकटीत लिहिलेलं सगळं (सीएसएस म्हणजे रंग, अंतर, आकार ठरवणाऱ्या ओळी). मेनू स्वतः टिकतो, त्याची जागा सुटते. सीएसएस पुसलं जात नाही, जुन्या थीमच्या नावावर पडून राहतं. नव्या थीममध्ये ती चौकट कोरी दिसते. परत जुन्या थीमवर गेल्यावर सगळं जागेवर आलं ते यामुळेच. तिसऱ्या रकान्यात थीमच्या फायलींमध्ये घुसवलेलं. तो रकाना मला भरता येईना, कारण आठ वर्षांपूर्वी कुठे काय लिहिलं हे भाच्याच्याही लक्षात नव्हतं.

त्यावर त्याने सुचवलेला उपाय मला फार आवडला. जुन्या थीमची नेमकी तीच आवृत्ती वर्डप्रेसच्या संग्रहातून नव्याने उतरवून घेतली, सर्व्हरवरची आमची थीमही उतरवली आणि दोन्ही फोल्डर विनमर्जमध्ये शेजारी शेजारी उघडले. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जिथे जिथे फरक आहे तिथे रंग भरतं. बत्तीस फायलींपैकी फक्त पाचांना रंग आला. फंक्शन्सच्या फायलीत १४० ओळी जास्त. हेडरच्या, म्हणजे पानाचा वरचा भाग मांडणाऱ्या, फायलीत तीन ठिकाणी फरक: फाँट मागवणारी ओळ, गूगल सर्च कन्सोलला साइट आपली असल्याचं पटवणारा टॅग, आणि अगदी वरच्या ओळीत भाषेच्या जागी हाताने लिहिलेलं 'एमआर'. एका ओवीचं पान मांडणारी एक नवी फाइल. स्टाइलशीटच्या, म्हणजे सीएसएसच्या फायलीच्या, तळाशी साठेक ओळी. तळटीपेच्या फायलीत आमच्या गावाचं नाव. बस. आठ वर्षांचं सगळं काम एका पानावर मावलं.

ही यादी हातात आल्यावर भाच्याने पुढची दिशा सांगितली, आणि इथे मला पहिल्यांदा खरं समजलं की आमचं चुकलं कुठे होतं. ओवी हा माझ्या साइटचा विषय आहे, दिसण्याची बाब नाही. तिची नोंद थीममध्ये असायलाच नको होती. ती प्लगइनमध्ये हवी. प्लगइन म्हणजे काही अवघड प्रकार नसतो: एक फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल, फाइलच्या माथ्यावर प्लगइनचं नाव सांगणारी टीप, आणि खाली कोड. ओवी-प्रकाराची नोंद, 'विषय' हा तिचा वर्ग, शॉर्टकोड, 'आजची ओवी'चं विजेट आणि सर्च कन्सोलचा टॅग असं सगळं आम्ही त्या १४० ओळींतून आणि हेडरमधून उचलून तिथे नेलं.

हे सगळं स्टेजिंगवर चाललं होतं. बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे साइटची हुबेहूब प्रत काढून द्यायची ही सोय असते. तिथे काही बिघडलं तरी खरी साइट सुखरूप. प्रत काढण्याआधी फायली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि तो उघडतो का तेही पाहिलं. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्लगइन सुरू करायला गेले तर वर्डप्रेसने नकार दिला. एकाच नावाचं फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) दोनदा आलं की पीएचपी थांबते, आणि जुन्या थीममध्ये ती फंक्शन्स अजून होतीच. प्लगइनमधल्या प्रत्येक नावापुढे आमचा एक उपसर्ग जोडला आणि विजेटचा भाग थीममधून काढला, तेव्हा प्लगइन सुरू झालं. विजेटबद्दल भाच्याने बजावलं होतं की कोडमधल्या त्याच्या साच्याचं, म्हणजे क्लासचं, नाव बदललं तरी त्याची आतली ओळखखूण तीच ठेवायची. पट्टीतल्या जुन्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये त्या खुणेने साठवलेल्या असतात. मग थीममधल्या उरलेल्या ओळीही पुसल्या. थीम अजून जुनीच, पण ओव्या आता प्लगइनमधून येत होत्या. साइट उघडली. काहीही बदललेलं दिसलं नाही. इतक्या दिवसांत मला सगळ्यात समाधान कुठे मिळालं असेल तर या काहीच न बदललेल्या पानापाशी. थीम बदलण्याआधीच बदलाचा अर्धा धोका संपला होता.

त्यानंतर स्टेजिंगवर नवी थीम लावली. ओव्या होत्या, यादीत 'ओव्या' शब्द होता. एकेका ओवीचं पान मात्र सापडत नव्हतं, पण हे सोपं निघालं: सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सचं (पानांच्या पत्त्यांचं) पान उघडायचं, काही न बदलता सेव्ह दाबायचं. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि पानं उघडतात.

मग मी एक ओवी वाचायला घेतली आणि मला कसंतरीच झालं. ओवी तीच, शब्द तेच, फाँटही तोच नोटो सान्स देवनागरी. पण वाचताना ती आपली वाटेना. तीन-चार वेळा वाचल्यावर लक्षात आलं: 'ल' बदलला होता. 'माहेराला', 'लेक', 'लाडकी', सगळीकडे उभ्या दांडीचा ल, हिंदी पुस्तकांत असतो तसा. आपला पाकळीचा ल गेला होता. 'श'चं वळणही वेगळं. फळ्यावर मी रोज गिरवून देते तो ल माझ्याच साइटवरून नाहीसा झाला होता, आणि मला तो कसाही करून परत हवा होता.

भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याला आधी फरक दिसेना. मी दोन ल मोठे करून शेजारी ठेवले तेव्हा दिसला, आणि मग त्याला ते 'एमआर' आठवलं. या फाँटमध्ये ल आणि श यांची दोन्ही रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं वरच्या ओळीत लिहिलेलं असेल तर ब्राउझर फाँटमधून मराठी वळण उचलतो, नाहीतर फाँटचं मूळ वळण दाखवतो. डॅशबोर्ड इंग्रजीत राहावा म्हणून आमच्या साइटची भाषा इंग्रजी ठेवलेली होती आणि भाच्याने हेडरमध्ये हाताने मराठी लिहून वाट काढली होती. नव्या थीमच्या हेडरमध्ये वर्डप्रेसने आपल्या नोंदीप्रमाणे इंग्रजी लिहिलं. एकूण बदल म्हणाल तर दोन अक्षरांचा.

उपायाला कोड लागलाच नाही. जनरल सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली, आणि माझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये इंग्रजी निवडली. वापरणाऱ्यागणिक वेगळी भाषा ठेवायची ही सोय २०१६च्या डिसेंबरात आलेल्या ४.७ आवृत्तीपासून आहे. पान ताजं केलं. 'लेक'मधला ल पाकळ्या उघडून बसला होता. शिवाय शोधाच्या चौकटीवर मराठी शब्द आले, तारखांचे महिने मराठी झाले. मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पानाची भाषा काय लागली आहे हे एकदा तपासावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. फाँट चांगला निवडूनही आपली अक्षरं परकी दिसत असतील तर कारण बहुधा इथे असतं.

देवनागरीचे आणखी दोन त्रास होते. नव्या थीमच्या शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवून दिलेलं. रोमन लिपीत ते छान दिसत असेल, देवनागरीत शिरोरेखा तुटते. 'जात्यावरची गाणी' हे शीर्षक मणी सुटलेल्या माळेसारखं दिसत होतं. ते अंतर शून्य केलं. दुसरं, शीर्षकाच्या ओळींची उंची इतकी कमी की 'कीर्ती'मधला रफार आणि वेलांटी वरून छाटली जात होती. ओळीची उंची १.१ होती ती १.५ केली. या दोन्ही ओळी नव्या चाइल्ड थीमच्या स्टाइलशीटमध्ये लिहिल्या. चाइल्ड थीम म्हणजे मूळ थीमच्या आधाराने चालणारी आपली छोटी थीम. मूळ थीम अद्ययावत झाली की तिच्या फायली बदलतात, चाइल्डच्या नाही. जुन्या थीमच्या वेळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून अपडेट आला की बदल जातील या भीतीने आम्ही ती कधी अद्ययावतच केली नाही.

चाइल्ड थीमबाबत मात्र माझी एक संध्याकाळ वाया गेली. आधी मूळ नवी थीम लावून रंग, लोगो, तळटीप सगळं बसवलं आणि मग चाइल्ड थीम ॲक्टिव्हेट केली. रंग आणि लोगो गेले. वहीचा दुसरा रकाना मीच लिहिला होता: सेटिंग्ज थीमच्या नावाने साठतात, आणि चाइल्ड थीमचं नाव वेगळं. सगळं पुन्हा बसवलं. आधी चाइल्ड लावायची, मग रंगांना हात घालायचा.

जुन्या सीएसएसचं काय झालं तेही सांगते. स्टाइलशीटमधल्या आणि कस्टमायझरमधल्या मिळून दोनशेच्या आसपास ओळी होत्या. मी सगळ्या उतरवून घेतल्या, पण त्यातल्या बहुतेक जुन्या थीमच्या घटकांची नावं घेऊन लिहिलेल्या. नव्या थीममध्ये त्या नावाचं कोणी नाहीच. ज्या ओळी आमच्या स्वतःच्या 'ओवी' या नावाला धरून होत्या, म्हणजे दुसरी ओळ किती आत सरकवायची, अर्थाचा रंग कोणता, त्या पस्तीस-चाळीस ओळी जशाच्या तशा चालल्या. त्या प्लगइनच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. बाकीच्या सोडून दिल्या. त्यांतल्या कित्येक तर जुन्या थीमचेच दोष झाकायला लिहिलेल्या होत्या.

एका ओवीचं पान मांडणारी फाइल उचलून आणता आली नाही, कारण तिचा सांगाडा जुन्या थीमचा होता. नव्या थीमची एका लेखाची फाइल चाइल्ड थीममध्ये त्या नावाने घेतली आणि ध्वनिफीत व अर्थ दाखवणारे दोन तुकडे तिच्यात बसवले. फोटो सगळे होते, पण नवी थीम यादीत चौकोनी फोटो मागत होती आणि जुनी लहान चित्रं आडवी. जात्यापाशी बसलेल्या आत्याचं डोकंच कापलं गेलं होतं. छोटी चित्रं नव्याने तयार करणारं प्लगइन चालवलं, आणि तो एक फोटो हाताने कातरून पुन्हा चढवला.

खऱ्या साइटवर बदल करायची वेळ आली तेव्हा स्टेजिंगची प्रत सरळ वर ढकलायचं बटण समोर होतं. मी ते वापरलं नाही. मधल्या तीन आठवड्यांत खऱ्या साइटवर मी अकरा नव्या ओव्या टाकल्या होत्या आणि वाचकांच्या प्रतिक्रिया आल्या होत्या; जुन्या प्रतीचा डेटाबेस वर चढला असता तर त्या गेल्या असत्या. वहीतल्या क्रमाने सगळं पुन्हा हाताने केलं. ताजा बॅकअप. प्लगइन. भाषा. चाइल्ड थीम चढवून तिचा लाइव्ह प्रिव्ह्यू उघडला. त्यात खरी साइट लोकांना जुनीच दिसत राहते आणि आपण आत रंग, लोगो, मेनूची जागा लावू शकतो. 'आजची ओवी' निष्क्रिय विजेट्सच्या यादीत जाऊन बसली होती. तिथून उचलून पट्टीत आणली. मग ॲक्टिव्हेट अँड पब्लिश. पर्मालिंक्स सेव्ह. कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी. रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली, पावणेआठला संपलं.

दिवसभर मी पानं उघडून पाहत होते. फोनवर, लॅपटॉपवर, शेजारच्या काकूंच्या जुन्या मोबाइलवर. पंधरा ओव्यांच्या ध्वनिफिती वाजवल्या. सर्च कन्सोलमध्ये जाऊन साइटची मालकी कायम आहे ना ते पाहिलं, होती. तळटीपेत गावाचं नाव राहून गेलं होतं, ते संध्याकाळी घातलं.

आठवडाभर काही तक्रार आली नाही तेव्हा कंट्रोल पॅनल उघडलं आणि पीएचपी ८ निवडलं. साइट उघडली. एरर लॉगमध्ये एका जुन्या प्लगइनबद्दल इशारा होता, थीमबद्दल काही नव्हतं. जुनी थीम महिनाभर तशीच ठेवली आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काढून टाकली. तिची उतरवून घेतलेली प्रत, विनमर्जची यादी आणि वही एका पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. पाकिटावर प्लगइनच्या फोल्डरचं नाव लिहिलं आहे.